पावसाआधी कडबाकुट्टीची वायर एकदा हातात घेऊन बघा



दर आठवड्याच्या या मेसेजमध्ये कपाशी, मका, अद्रक, मोसंबी यांचं काहीतरी असतं. मृग लागलाय, पेरणीची घाई आहे, बीजप्रक्रियेचा मेसेज परवा येतोच आहे. आजचा विषय मात्र वायरीचा आहे. कडबाकुट्टीची वायर, ग्राइंडरची वायर, विहिरीवरच्या मोटारीची केबल. पीक सल्ल्यात वायर कुठून आली असं वाटेल, पण गोठ्यात आणि वावरात आपण जेवढ्या वेळा कीडनाशकाला हात लावतो त्याहून जास्त वेळा या वायरींना लावतो. कीडनाशकाच्या डब्यावर निदान रंगीत त्रिकोण तरी असतो.

मेसेज मोठा आहे. दुपारी सावलीत बसल्यावर वाचा, आणि घरात कडबाकुट्टीवर जे कोणी काम करतं त्यांना वाचून दाखवा. बहुतेक घरी ते काम आई किंवा वहिनीच करतात आणि मोबाईल असतो दादाच्या खिशात.

मागच्या महिन्यात फुलंब्री तालुक्यात एका वस्तीवर मक्याच्या वाणाचं बोलायला गेलो होतो. कुट्टी चालू होती. तिची वायर गव्हाणीखालून ओढलेली, आणि एवढ्याशा अंतरात तीन ठिकाणी काळी टेप गुंडाळलेली. एका जागी उन्हाने टेपचा डिंक सुटून आतलं तांबं दिसत होतं. तिथून वीतभरावर म्हैस, लोखंडी साखळीने शेडच्या लोखंडी खांबाला बांधलेली. काका म्हणाले, "उंदरानं कुरतडली होती, टेप मारली. उन्हाळाभर चालली की, काय होत नाही." त्यांचं चुकीचं नव्हतं. उन्हाळाभर काही झालं नाही, कारण उन्हाळाभर तिथली जमीन कोरडी होती. पहिला मोठा पाऊस झाला की गोठ्यात चिखल, शेण, मूत्र सगळं एकत्र होतं आणि तीच उघडी जागा जिवंत होते. आम्ही तिथेच मेन स्विच पाडला आणि त्या दिवशी कुट्टी हातानेच केली.

टेपबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ओढल्या जाणाऱ्या, तुडवल्या जाणाऱ्या वायरीवर टेप ही दुरुस्ती नाही. भिंतीवर पक्क्या बसवलेल्या वायरीला ती चालून जाते, कारण ती वायर हलत नाही. कडबाकुट्टीची वायर रोज हलते. पिळून केलेला जॉइंट ओढ लागली की आतून सैल होतो, सैल झाला की गरम होतो, गरम झाला की टेप वितळते. आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन टेपचं उरलंसुरलं काम पूर्ण करतं.

*आकडे थोडे समजून घ्या*

घरचा करंट २३० व्होल्टचा. ओल्या हातापायाच्या माणसाच्या शरीराचा रोध साधारण १००० ओहम धरला तर अंगातून जातो २३० मिलिअँपियर. हृदयाचे ठोके विस्कटायला त्याचा काही भागसुद्धा पुरतो. म्हणूनच जीव वाचवणारं जे यंत्र असतं, आरसीसीबी, ते ३० मिलिअँपियर गळती झाली की लाईट तोडतं.

आता तुमच्या बोर्डातला एमसीबी बघा. त्यावर १६ किंवा २० लिहिलेलं असेल, म्हणजे १६ किंवा २० अँपियर. एक अँपियर म्हणजे हजार मिलिअँपियर. म्हणजे माणूस चिकटून बसला तरी एमसीबीच्या लेखी तो एका बल्बएवढाच लोड आहे. तो पडणारच नाही. "आमच्याकडे एमसीबी आहे" असं सांगणारे बरेच जण भेटतात. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणसासाठी आरसीसीबी लागतो. दोन्ही दिसायला सारखेच, पण आरसीसीबीवर टेस्टचं छोटं बटण असतं आणि ३० एमए किंवा ०.०३ ए असं लिहिलेलं असतं. महिन्यातून एकदा ते बटण दाबायचं. लाईट गेली म्हणजे तो जिवंत आहे.

काही वस्त्यांवर आरसीसीबी बसवला की लगेच पडतो, मग "खराब निघाला" म्हणून काढून टाकतात. बऱ्याचदा तो खराब नसतो. खांबावरून फक्त फेज आणलेला असतो आणि न्यूट्रलच्या जागी अर्थिंगची सळई वापरून बल्ब, पंखा चालवलेला असतो. आलेला करंट न्यूट्रलमधून परत न जाता जमिनीत जातोय हे आरसीसीबीला बरोबर कळतं. अशा अर्थिंगवर लोड चालतो तेव्हा त्या सळईच्या आजूबाजूची ओली जमीनसुद्धा धोक्याची असते. ही जोडणी तुमच्याकडे असेल तर आधी ती बंद करा, कडबाकुट्टीचं नंतर बघू.

जनावराचं वेगळं सांगायला हवं. गाय-म्हैस आपल्यापेक्षा कमी व्होल्टवर जाते. तिचे पुढचे आणि मागचे खूर लांब असतात, चारही ओल्या जमिनीवर, आणि करंट पुढच्या पायातून मागच्या पायात जाताना मधल्या हृदयावरून जातो. आपल्याला नुसती झिणझिणी आली अशा जागी म्हैस आडवी पडू शकते. गव्हाणीला किंवा खांबाला हात लावल्यावर झिणझिणी येते, जनावर अचानक पाण्याच्या टाकीपाशी जायला बिचकतं, यातलं काहीही दिसलं तर "करंट थोडासाच आहे" म्हणून सोडू नका.

*वायर तपासायची कशी*

पिन सॉकेटातून काढा. स्विच बंद करून भागत नाही. बऱ्याच ठिकाणी बोर्डाची जोडणी उलटी असते, स्विच न्यूट्रलवर असतो आणि फेज तसाच मशिनीत जातो. पिन काढून हातात घ्या, तेवढंच खरं.

मग पिनपासून मशिनीच्या तोंडापर्यंत वायर बोटातून सरकवत न्या. चीर, कुरतडलेली जागा, चपटी झालेली जागा, कडक झालेली किंवा मऊ फुगीर जागा, काळपट वास येणारी जागा. सगळ्यात जास्त बिघाड दोन टोकांना असतो, पिनच्या जवळ आणि मशिनीत शिरते तिथे, कारण तिथे वायर वाकते. ग्राइंडर चालवताना वायर हलवली की मशीन बंद-चालू होतं, तर आतले तांब्याचे धागे तुटलेले आहेत, वरून कितीही नवी दिसो. आणि शेडच्या खांबाला बाइंडिंग तारेने आवळून बांधलेली वायर असेल तर ती तार आजच सोडा. ती हळूहळू प्लास्टिक कापत जाते आणि एक दिवस सगळा शेड करंटमध्ये येतो. नायलॉनची सुतळी किंवा प्लास्टिकची टाय वापरा.

खराबी टोकाजवळ असेल तर सोपं आहे. खराब जागेच्या वीतभर आतून वायर कापायची आणि उरलेल्या चांगल्या वायरीला नवीन पिन टॉप लावायचा. खराबी मधोमध असेल तर पूर्ण वायर बदला. मधे जोड देऊ नका. फार तर त्या वायरीच्या दोन छोट्या वायरी होतील, दोन ठिकाणी कामी येतील.

*नवीन वायर घेताना*

दुकानात "कुट्टीची वायर द्या" म्हणू नका, हे सांगा: तीन कोर, लवचिक, तांब्याची, २.५ स्क्वेअर एमएम. २ एचपीची सिंगल फेज कुट्टी चालताना साधारण १० ते ११ अँपियर ओढते आणि सुरू होताना त्याच्या चार-पाचपट. समजा बोर्डापासून गोठा ५० मीटर आहे. १ स्क्वेअर एमएमची स्वस्त वायर घेतली तर चालू असताना २० च्या वर व्होल्ट वायरीतच जिरतात, आणि सुरू होताना ऐंशी-नव्वद. मोटार गुरगुरते, उचलत नाही, कॅपॅसिटर जातो, मग वायंडिंग जळतं. २.५ च्या वायरीत चालताना नऊच्या आसपास जिरतात. वायरीत वाचवलेले पैसे वायंडिंगवाल्याकडे जातात, असं कितीतरी जणांच्या बाबतीत पाहिलंय. भाव तांब्याबरोबर रोज हलतो म्हणून इथे लिहीत नाही.

वायरीवर आयएसआय मार्क, आयएस ६९४ हा नंबर आणि सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर छापलेला असतो. बीआयएस केअर नावाचं सरकारी ॲप आहे, त्यात तो लायसन्स नंबर टाकला की खरा-खोटा कळतो. आणखी एक घरगुती परीक्षा: वायरीचा एक धागा काढून ब्लेडने खरवडा. आतून पांढरा निघाला तर तो तांब्याचा मुलामा दिलेला ॲल्युमिनियम आहे. दुकानदाराला तिथेच दाखवा नि परत करा.

रंग लक्षात ठेवा. लाल किंवा तपकिरी म्हणजे फेज, काळा किंवा निळा म्हणजे न्यूट्रल, हिरवा किंवा हिरवा-पिवळा म्हणजे अर्थ. हिरवी वायर अर्थशिवाय दुसऱ्या कशालाही वापरायची नाही, वायर कमी पडली तरी नाही. तुमच्यानंतर ते मशीन उघडणारा माणूस हिरवीला हात लावेल, निर्धास्तपणे.

ग्राइंडर आणि ड्रिल मशीनचं थोडं वेगळं आहे. त्यांच्या नावाच्या पट्टीवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर ते डबल इन्सुलेशनचं मशीन आहे, त्याला कंपनीकडूनच दोन कोरची वायर येते आणि तीच बसवायची. त्याला अर्थ नाही म्हणून घाबरू नका. पण लोखंडी बॉडीच्या कुट्टीला, पाण्याच्या मोटारीला, पिठाच्या गिरणीला दोन कोर वायर लावून मोकळं होणं हा आपल्याकडचा फार जुना रोग आहे. तिथे तिसरी तार पाहिजेच.

*पिन टॉप बसवताना*

कुट्टीला १६ अँपियरचा मोठा तीन पिनचा प्लग. तोडलेल्या टोकांना सॉकेटात काड्यापेटीच्या काडीने खोचून चालवणं बंद करा. काडी निघते, फेजची तार लोंबकळते आणि खाली बहुतेक वेळा लोखंडी पत्रा किंवा पाण्याची बादली असते.

वरचं जाड आवरण दीड इंच सोला, आतल्या तारांचं टोक जेमतेम अर्धा इंच. ब्लेडने आतल्या तारेला काप गेला तर तेवढं कापून पुन्हा सोला. धागे घट्ट पिळा, एकही धागा बाहेर राहू देऊ नका, एक सुटा धागा शेजारच्या पिनला लागला तरी खेळ होतो. तार स्क्रूभोवती घड्याळाच्या दिशेने वळवा, म्हणजे स्क्रू आवळताना ती आत ओढली जाते. अर्थची तार बाकी दोघींपेक्षा अर्धा-पाऊण इंच लांब ठेवा. कधी वायरीला हिसका बसला तर फेज, न्यूट्रल आधी सुटतील आणि अर्थ शेवटी. अर्थ मोठ्या, जाड पिनला. ती पिन इतरांपेक्षा लांब असते ती उगाच नाही, प्लग लावताना अर्थ आधी जोडली जाते. दोन पिनच्या सॉकेटात बसावं म्हणून ती पिन कापणारे लोकही आहेत, त्यांना काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.

शेवटी पट्टी. पिन टॉपच्या बुडाशी दोन स्क्रूंची एक छोटी पट्टी असते. तिच्याखाली वायरीचं जाड आवरण दाबलं गेलं पाहिजे, आतल्या बारीक तारा नाही. सगळी ओढ त्या पट्टीने घ्यायची असते. मशिनीच्या तोंडाशी जो रबरी बूट असतो त्याचंही काम तेच. तो फाटला असेल तर नवा घ्या. रबर नसलेल्या पत्र्याच्या भोकातून वायर घातली तर पत्र्याची धार कंपनाने ती कापते.

कुट्टीची टर्मिनल पेटी उघडायची असेल तर कॅपॅसिटर ध्यानात ठेवा. पिन काढल्यावरही त्यात चार्ज राहतो. जमत नसेल तर ती पेटी वायरमनला उघडू द्या. पिन टॉप आणि कॉर्ड घरी बदलता येते. मीटर, मेन, स्टार्टरच्या आतलं काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या.

लाईट देण्याआधी मल्टिमीटर लावा. चार-पाचशे रुपयांत साधा मिळतो, चार जणांत एक घेतला तरी चालेल. बीपच्या खुणेवर ठेवा. एक टोक अर्थच्या पिनला, एक मशिनीच्या लोखंडी बॉडीला, रंग खरवडलेल्या जागी. बीप आला पाहिजे. मग फेजची पिन आणि बॉडी, न्यूट्रलची पिन आणि बॉडी. तिथे बीप येता कामा नये. आला तर चालू करायचं नाही.

आणि ही सगळी मेहनत ज्यावर उभी आहे ते अर्थिंग. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि सळईपासून सुटते. एप्रिल-मे मध्ये बऱ्याच अर्थिंगच्या सळया नुसत्या हवेत उभ्या असल्यासारख्या असतात. उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाणी खड्ड्यात टाका. आत्ता सळईवरचा नटबोल्ट गंजलाय का ते बघा, घासून आवळा.

*मोटारीच्या केबलचं*

पैठण, गंगापूर भागात नाथसागराच्या काठावरच्या सभासदांना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पाणी खाली सरकतं तशी मोटार पुढे न्यावी लागते आणि प्रत्येक वेळी केबलला एक तुकडा जोडला जातो. मे अखेरीस एका केबलला पाच-सहा जोड. आता पाणी पुन्हा वर यायला लागेल आणि काठावर कोरडे असलेले ते सगळे जोड पाण्याखाली जातील. विहिरीतही तेच, पाणी खोल गेलं की मोटार उतरवली, केबल वाढवली.

पाण्यातल्या जोडाला साधी पीव्हीसी टेप एकटी कधीच चालत नाही. तीन तारांचे जोड एकाच रेषेत घेऊ नका, प्रत्येक जोड दुसऱ्यापासून दोन-तीन इंच पुढे-मागे घ्या, म्हणजे एकाचं आवरण गेलं तरी दुसऱ्याला चिकटत नाही. तारा पिळून सोडू नका, तांब्याची फेरूल घालून दाबा. त्यावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप ओढून-ताणून गुंडाळा, पुढे-मागे चांगल्या आवरणावर दोन इंच चढवा, मग वरून पीव्हीसी टेप. तयार केबल जॉइंट किट मिळतं, ते उत्तम. जोड झाल्यावर वायंडिंगवाल्याकडून मेगर लावून घ्या, जोड पाण्याच्या बादलीत बुडवून. मोटार केबलला धरून ओढायची नाही, तिला वेगळा नायलॉनचा दोर हवा.

एक गोष्ट जिवाची आहे म्हणून ठळक लिहितो. *ऑटो स्विच.* आपल्याकडे शेतीची लाईट पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री, आणि मोटार आपोआप सुरू व्हावी म्हणून स्टार्टरला ऑटो बसवलेला असतो. लाईट नाही म्हणून निवांत केबल सोलत बसलात आणि मधेच लाईट आली, तर मोटार कोणाला विचारत नाही. केबलला हात लावण्याआधी ऑटो बंद, मेन खाली, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात. नुसता मेन पाडून गेलात तर घरातलं दुसरं कोणी "मोटार का बंद आहे" म्हणून चढवू शकतं. खांबावर किंवा डीपीवर चढायचं नाही. तुटलेली तार, उघडी डीपी दिसली की महावितरणला १९१२ वर किंवा १८००-२१२-३४३५, १८००-२३३-३४३५ या टोल फ्री नंबरवर कळवा. हे नंबर सेव्ह करून ठेवा.

*कोणी चिकटलंच तर*

धावत जाऊन ओढू नका. एकाला वाचवायला गेलेला दुसराही जातो, आणि बहुतेक वेळा तो घरातलाच असतो. आधी मेन बंद. ते शक्यच नसेल तर कोरड्या लाकडी दांड्याने वायर बाजूला करा, पायाखाली कोरडी फळी किंवा कोरडी पोती घेऊन. ओला बांबू, हिरवी फांदी नाही. १०८ ला फोन लावा. श्वास चालू नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून जोरात दाबा, दोन इंच खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, गाडी येईपर्यंत, दमलात तर दुसऱ्याने. शॉक लागलेल्याला मातीत पुरून करंट उतरतो असे व्हिडिओ फिरतात. माती काही करंट काढत नाही, वायर सुटल्यावर शरीरात करंट उरतच नाही, फक्त तेवढा वेळ वाया जातो. माणूस उठून बसला, बोलू लागला तरी दवाखान्यात नेऊन ईसीजी काढा. ठोके नंतरही बिघडू शकतात.

शेतकरी अपघातासाठी राज्य सरकारची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. विजेचा शॉक त्यात बसतो. मृत्यू झाल्यास २ लाख रुपये, खातेदाराबरोबर घरातल्या एका सदस्यालाही लागू. अर्ज तालुका कृषी अधिकारी कार्यालयात, पहिल्या महिन्याच्या आतच करा. पंचनामा आणि सातबारा लागतो. ओळखीत कोणाच्या घरी अशी घटना झाली असेल आणि अर्ज राहिला असेल तर मला सांगा, कागद जमवायला मदत करतो.

येत्या मंगळवारी सकाळी १० ते १ आपल्या संकलन केंद्रावर मल्टिमीटर घेऊन बसणार आहे, सोबत परवानाधारक वायरमनही असतील. कुट्टी आणायची गरज नाही, नुसती वायर आणि पिन टॉप गुंडाळून आणा, तपासून देऊ. २.५ ची तीन कोर वायर एकत्र मागवायची आहे, किती मीटर लागेल ते याच नंबरवर गावाच्या नावासकट पाठवा. गोठ्यापासून बोर्डापर्यंतचं अंतर पावलांनी मोजलं तरी चालेल, वर पाच मीटर जास्त धरा.